गळ्यातली जोडी

मी नीदर बोलतेय.

माझ्या अंगावर एवढंच लिहिलंय, हातभर फळीवर, पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत. माझा नवरा नॉर. तो माझ्याच मापाचा, फक्त त्याला अक्षरं कमी लागली म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा जास्त. आमचं लग्न सुंभाने लावलं. त्याच्या दोन भोकांतून निघालेला सुंभ माझ्या दोन भोकांत ओवला आणि गाठ मारली. मी पोरांच्या छातीवर, तो पाठीवर. म्हणजे आमच्या संसारात कायम कुणाची तरी मान मध्ये. एकमेकांचं तोंड आम्ही पाहिलेलं नव्हतं. नव्या नवरीला यात काही विशेष वाटायचं कारण नाही, तसं मलाही वाटलं नाही.

आम्ही पुंता सालोगच्या शाळेतले. समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक, टोकावर चर्च, चर्चला चिकटून शाळा आणि खाली वाळूत कोळ्यांची घरं. शाळेला कुंपण घालायचं ठरलं तेव्हा प्रत्येक घराने फळ्या आणून द्यायच्या आणि स्वतः येऊन ठोकायच्या, असं ठरलं होतं. गोर्यो नावाच्या कोळ्याने आपल्या जुन्या होडीची एक बाजू काढून आणली. कुंपण झालं आणि एक फळी उरली. ती मी. म्हणजे आम्ही दोघं, अजून न कापलेले.

मिस पालमारेस शाळेच्या मुख्य. त्यांनी गोर्योला फळीचे दोन तुकडे करायला सांगितले.

"कशाला लागतात, माएस्त्रा?" त्याने विचारलं. गावातली मोठी माणसं बाईंना माएस्त्रा म्हणत.

"अभ्यासाला. मुलांच्या गळ्यात घालायच्यात."

"मग गुळगुळीत करतो. टोचायला नकोत."

त्याने तापलेल्या खिळ्याने भोकं पाडली. वल्ह्याच्या टोकाला द्यायचा तशी कोपऱ्यांना गोलाई दिली. खरखरीत पानाने इतकं घासलं की माझ्यावरून माशी घसरली असती. त्याला वाचता येत नव्हतं. बाईंनी अक्षरं काढली तेव्हा तो बाजूला उभा राहून कौतुकाने बघत होता. त्याची मुलगी तोरय त्याच शाळेत जायची आणि आपल्या हातची वस्तू शाळेत राहणार, याचा त्याला आनंद झाला होता.

मग बाईंनी नियम सांगितला. शाळेच्या माणसाने इंग्रजीच बोलायचं, आवाराबाहेरही. आपली इलोंगो बोली बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात आम्ही. उतरवायचं कसं? दुसऱ्या कुणाला तरी आपली भाषा बोलताना पकडायचं आणि त्याच्या गळ्यात घालायचं. घरी जातानाही काढायचं नाही. शुक्रवारी शेवटच्या घंटेला ज्याच्या गळ्यात आम्ही, त्याने साऱ्या शाळेपुढे उभं राहून आमची वाक्यं करायची.

"हा नियम मलाही आहे," बाई म्हणाल्या. "मला कुणी पकडलं तर मीही घालीन."

पोरं हसली. बाई या टोकावरच जन्मल्या होत्या, कोळ्याच्याच घरात. पण त्यांच्या तोंडून इलोंगोचा शब्द कुणी ऐकला नव्हता. कुत्र्यालासुद्धा त्या इंग्रजीत हाकलत. शाळेच्या आवारातलं हे सगळं बोलणं इंग्रजीतलं बरं का, मी तुम्हाला ते तुमच्या बोलीत सांगतेय.

आमची वाक्यं करायला सोपी नाहीत. मी वाक्यात आले की दुसरा नकार लागत नाही, एका घराला माझ्यासारखी एक पुरते. पण पोरं भीतीने आणखी एक 'नॉट' घुसडत. माझ्यामागून नॉरच यायला हवा. पोरं 'ऑर' आणत. ऑर हा आयदरचा नवरा. भर सभेत मला परक्या पुरुषाशेजारी बसवल्यासारखं व्हायचं, आणि पोराच्या तळहातावर छडी बसायची. शेवटी क्रियापदाने नॉरच्या शेजारच्या माणसाकडे बघून वागायचं असतं. छातीवर मी, पाठीवर नॉर, दोघांवर ठळक अक्षरं, तरी गळ्यात आम्हाला घालून उभ्या पोरालाच आम्ही दिसायचो नाही. त्याला दिसायचे समोरचे दात.

माझ्यापेक्षा नॉरने जास्त पाहिलं असणार. माणसं खरी हसतात ती पाठीमागे.

आणि पोरं शिकली. इंग्रजी नव्हे, पकडायला शिकली. आपली भाषा माणसाच्या तोंडून कधी निसटते ते त्यांना महिन्याभरात कळलं. दचकला की निसटते. पायावर दगड पडला की निसटते. मग पोरं एकमेकांच्या सदऱ्यात खेकडे सोडू लागली. झोपाळलेल्याच्या कानात फुंकर मारू लागली. एकाने आपल्या धाकट्या भावाचं बोट मुद्दाम दारात चेमटवलं आणि तो किंचाळायची वाट बघत सुंभ हातात घेऊन उभा राहिला. भाऊ किंचाळला. मी त्याच्या गळ्यात गेले. घरी जाताना दोघं हातात हात घालून गेले, आमच्यासकट.

तोरयच्या गळ्यात मात्र मी तोवर कधी गेले नव्हते. ती मुळात कमी बोलायची. ठेच लागली तर ओठ मिटायची आणि नाकाने श्वास घ्यायची. पोरं तिला 'मुका मासा' म्हणत.

दरवर्षी शेवटच्या वर्गातल्या एकीला शहरातल्या शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात जागा मिळे, राहण्याजेवणासकट. त्या वर्षी दोघीच उरल्या. तोरय आणि तिची मैत्रीण मेदिंग. मेदिंगचा बाप मासे सुकवायचा, तिला त्या वासाचा तिटकारा होता. "मी इथून नाही गेले ना," ती तोरयला म्हणायची, "तर हा वास माझ्या लग्नातसुद्धा माझ्या आधी पोचेल." तोरय हसायची. तिला जायचं होतं ते वेगळ्या कारणाने. बापाने तिला सांगून ठेवलं होतं, "तू बाई होऊन परत ये इंदाय, मग माझ्या फळीवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव." इंदाय म्हणजे पोरी, बाळे. तिने आताही वाचून दाखवलं असतं. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

बाईंनी दोघींना सांगितलं, "वर्षाच्या समारोपाच्या दिवशी जिच्या गळ्यात पाट्या नसतील, ती जाईल."

समारोपाच्या आधीच्या आठवड्यात मेदिंग सापडली. अंगणातल्या कोंबड्याला शिवी घातली आणि शेजारच्या पोराने ऐकली. मी तिच्या गळ्यात गेले. तिने तोरयला चिमटे काढले, पाठीत थंड पाणी ओतलं, बाकाखालून विंचू विंचू म्हणून ओरडली. तोरयने ओठ मिटले.

"किती गं दगड आहेस तू," मेदिंग म्हणाली. "तुला काही लागतच नाही का?"

"लागतं," तोरय इंग्रजीत म्हणाली.

त्याच आठवड्यात वारा फिरला. संध्याकाळी गेलेल्या होड्या सकाळी परतल्या, एक सोडून. गोर्यो आणि त्याचा मोठा मुलगा बेनितो त्या होडीत होते. तोरयची आई उर्सुला म्हणाली, "समोरच्या बेटावर थांबले असतील. मागेही थांबले होते. तू शाळेत जा, आता चार दिवसांसाठी शहरातली जागा घालवू नकोस." तोरय शाळेत गेली.

मेदिंग त्या सकाळी किनाऱ्यावरून येत होती, छातीवर मी. तोरयच्या काकाने तिला हाक मारली. त्याच्या पायाशी होडीच्या बाजूचा बांबू पडला होता, तुटलेला, त्याला गोर्योच्या हातच्या गाठी. दुसऱ्या होडीतल्या माणसांनी दोघांना लाटेखाली जाताना पाहिलं होतं, ते त्यांनी बांबू सापडल्यावर सांगितलं.

"तू तिची मैत्रीण ना?" काका म्हणाला. "पोरीला घेऊन ये. रस्त्यात हळूहळू सांग. एकदम सांगू नकोस."

मेदिंगने मान हलवली. माझ्यामागे तिची छाती धडधडत होती, मला ती लाकडात जाणवत होती. चढ चढताना ती पुटपुटत होती. मला आधी वाटलं प्रार्थना म्हणतेय. मग माझं नाव ऐकलं. मग नॉरचं. ती शब्द इकडचे तिकडे करून बघत होती.

वर्गाच्या दारात ती थांबली. बाई फळ्यावर लिहीत होत्या. तोरय पहिल्या बाकावर. मेदिंगने तिच्याकडे बघून स्पष्ट, न अडखळता म्हटलं,

"नीदर युअर फादर नॉर युअर ब्रदर हॅज कम बॅक."

आणि नंतर, आवाज न चढवता, "दे आर डेड."

तोरय उभी राहिली. तिने ओठ मिटले. नाकाने श्वास घेतला. मग ओठ उघडले आणि आतून एकच शब्द आला, तो बापाचाही नव्हता आणि भावाचाही नव्हता.

"नानाय."

बापासाठीसुद्धा माणूस आईलाच हाक मारतो. आणि नानाय हा इंग्रजी शब्द नव्हे.

मेदिंगचे हात आधीच सुंभाखाली गेले होते. तिने आम्हाला डोक्यावरून काढलं आणि तोरयच्या डोक्यावरून घातलं. सगळे बाईंकडे बघत होते.

बाईंच्या हातात खडू होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"वाक्य बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हॅज. हॅव्ह नाही. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी बरोबर केलं."

मग त्या तोरयजवळ आल्या. मला वाटलं आता मला काढतील. त्यांनी तोरयच्या मानेवरचा सुंभ सरळ केला, तो एका बाजूला पिळला गेला होता, आणि म्हणाल्या, "घरी जा."

तोरय उतार उतरली. किनाऱ्यावर बायका पाण्यात गुडघाभर उभ्या राहून दोघांची नावं घेऊन हाका मारत होत्या. आमच्याकडे तशीच रीत आहे, बुडालेल्याला नावाने बोलावतात. उर्सुला सर्वांत पुढे होती. तोरयने वाटेत सुंभ डोक्यावरून काढायला घेतला होता, तो कानापर्यंत आला होता, तेवढ्यात आईने वळून पाहिलं.

उर्सुलाने मुलीला जवळ घेतलं. मध्ये मी होते, म्हणून तिला ते नीट जमलं नाही. तिने मला हाताने चाचपलं. कोपऱ्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ही गोलाई त्याची आहे," ती म्हणाली. "हे त्याच्या हातचं आहे, इंदाय. शाळेने दिलं तुला?"

तोरयचा हात कानाशी सुंभावरच होता.

"त्याच्या हातचं होतं ते शाळेने जपून ठेवलं होतं. आणि आज तुझ्या गळ्यात घालून पाठवलं." उर्सुला बाकीच्या बायकांकडे वळली. "बघा गं. एवढं कोण करतं कोळ्यासाठी?"

बायकांमध्ये शाळेतल्या पोरांच्या आया होत्या. आम्ही काय चीज आहोत ते त्यांना चांगलं माहीत होतं; उर्सुलाच्या दारात आम्ही कधी गेलोच नव्हतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. एकीने थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हटलं, "खरंच, मानांग. मोठं मन लागतं." एवढी दया मी या गावात त्या आधी पाहिली नव्हती, त्यानंतरही फारशी नाही.

तोरयने सुंभ पुन्हा मानेवर सोडला.

प्रेतं मिळाली नाहीत. शवपेटीच्या जागी घरात मेणबत्ती आणि दोन टोप्या ठेवल्या. दुपारी माणसं येत, जपमाळ म्हणत, बिस्किटं आणि भाजलेल्या तांदळाची कॉफी घेत. केर कुणी काढायचा नाही असा नियम, म्हणून पायांखाली बिस्किटांचा चुरा वाढत होता. तोरय कोपऱ्यात बसायची, मी छातीवर. येणाऱ्या प्रत्येकाला उर्सुला मला दाखवायची. ते माझ्यावरून हात फिरवत. शाळेची पोरं आली की डोळे खाली घालून बसत.

समारोपाच्या आदल्या दुपारी बाई आल्या. मागून मेदिंग, हातात बिस्किटांचा डबा. मेदिंगने डबा ठेवला आणि दाराशीच बसली.

उर्सुला उठली. बाईंचा हात दोन्ही हातांत घेऊन तिने कपाळाला लावला. असा हात धाकट्याने थोरल्याचा लावायचा असतो आणि ती बाईंपेक्षा वयाने मोठी होती, हे उलटं झालं, पण कुणी तसं म्हटलं नाही.

"माएस्त्रा, तुम्ही माझ्या नवऱ्याची आठवण माझ्या पोरीच्या गळ्यात घातलीत. मी अडाणी बाई, मला काय बोलावं कळत नाही."

बाईंनी इंग्रजीत काहीतरी म्हटलं. दुःख, ईश्वर असे शब्द. उर्सुला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मला समजत नाही हो," ती म्हणाली. "रागावलात का? मी काही चुकीचं बोलले का?"

बाईंनी खाली पाहिलं, चुऱ्याकडे. मग त्या बोलल्या, या वाळूवरच्याच बायकांसारख्या हेल काढून, स्वच्छ इलोंगोत.

"नाही हो, मानांग उर्सुला. रागवायचं काय त्यात. शाळेचं कामच आहे ते."

तोरयचे दोन्ही हात वर आले आणि सुंभावर थांबले.

दाराशी मेदिंगचा चेहरा उतरला. तिला समजलं. सगळ्या पोरांना समजलं. शाळेचं माणूस आपल्या भाषेत बोललं होतं, साक्षीदारांनी घर भरलं होतं, आणि बाईंनी स्वतः सांगितलं होतं की नियम मलाही आहे. तोरयने उठून दोन पावलं टाकली असती तर मी बाईंच्या छातीवर असते, आणि उद्या समारोपाला तिचा गळा मोकळा. शहर, कॉलेज, सगळं दोन पावलांवर. बाईंनाही ते समजलं होतं. त्यांची मान किंचित पुढे आलेली मी पाहिली. वाट बघणाऱ्याची मान अशी येते.

उर्सुला तेवढ्यात म्हणत होती, "मी तिला सांगितलंय, झोपताना तेवढी काढ, बाकी काढू नकोस. आता गोर्यो म्हणून माझ्याकडे एवढंच आहे."

सुंभावरची तोरयची बोटं पांढरी झाली. मग तिने तो नीट केला, मधोमध, बाईंनी केला होता तसाच.

"कॉफी घ्या, बाई," ती इलोंगोत म्हणाली. जिच्या गळ्यात मी आहे तिला बोलायला काय हरकत.

बाईंनी कप घेतला.

"एक मागू का?" उर्सुला म्हणाली. "पुरायला माझ्याकडे काही नाही. या फळ्या दोन आहेत, माणसंही दोन होती. शाळेला नको असतील तर—"

"घ्या," बाई लगेच म्हणाल्या. काही द्यायला बाईंना इतकी घाई झालेली मी कधी पाहिली नव्हती. "उद्यापासून तुमच्याच."

"उद्या समारोपाला घालूनच येऊ दे तिला," उर्सुला म्हणाली. "सगळ्यांना दिसू दे."

सगळ्यांना दिसलं. तोरय मंचाखाली उभी होती, छातीवर मी, पाठीवर नॉर. उर्सुला काळा पदर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. बाईंनी शहरात जाणारीचं नाव घेतलं, मेदिंगचं. उर्सुलाने आधी टाळ्या वाजवल्या, पोरीची मैत्रीण म्हणून. मग शेजारणीला विचारलं, "आमच्या तोरयचं काय झालं गं?"

"जागा एकच असते, मानांग."

"असू दे. ती मला लागेलच आता."

उतरताना मेदिंग तोरयच्या समोरून गेली. थांबली. काहीतरी म्हणायचं होतं तिला, कुठल्या भाषेत ते ठरत नव्हतं.

"जा तू," तोरय म्हणाली. "वासातून सुटशील."

दुसऱ्या दिवशी काकाने आमचा सुंभ कापला. मला गोर्योच्या नावाच्या वाळूत रोवलं, नॉरला बेनितोच्या. कब्रस्तानाच्या समुद्राकडच्या कडेला, दोन हातांच्या अंतरावर. आता आमच्यामध्ये कुणाची मान नाही. वाटलं होतं, आता तरी एकमेकांचं तोंड दिसेल. पण रोवणाऱ्याने दोघांची तोंडं समुद्राकडे केली. पुढे बघतो झालं, शेजारी शेजारी. अशीही पुष्कळ जोडपी असतात.

शाळेत दोन आठवड्यांत नवी जोडी आली, पत्र्याची. पत्र्याला गोलाई नसते. पोरं इथून जाताना मी बघते, त्यांच्या गळपट्टीशी लाल रेघ असते. मेदिंग शिकून परत आली ती त्याच शाळेत बाई होऊन. पोरं म्हणतात, ती बाईंपेक्षा कडक आहे. या वाटेने ती येत नाही, चर्चच्या मागून जाते.

तोरय मासे सुकवते, मेदिंगच्या बापाकडेच.

वर्षातून एकदा, मृतांच्या दिवशी, सगळं गाव कब्रस्तानात येतं. थडगी धुतात, रंगवतात, भात आणि गोड वड्या खातात. खाऱ्या वाऱ्याने माझी अक्षरं उडून जातात. तोरय दरवर्षी बारीक कुंचला घेऊन येते आणि ती पुन्हा काढते, एकेक अक्षर, रेषेबाहेर न जाता. आधी माझी, मग नॉरची. उर्सुला रंगाचा डबा धरून उभी असते. तिला आता नीट दिसतही नाही.

"काय लिहिलंय गं?" ती दरवर्षी विचारते.

"तातायचं नाव, नानाय."

"आणि त्या दुसऱ्यावर?"

"बेनितोचं."

"ठळक काढ हं," उर्सुला म्हणते. "लांबून वाचता आलं पाहिजे."

तोरय ठळक काढते.

तुम्हाला वाचता येतं. कधी या टोकाला आलात आणि आम्ही दोघं दिसलो, तर एवढं करा. आसपास म्हातारी असेल, तर मनातल्या मनात वाचा.